सासरची ऋचा

वैदिकाची मुलगी आणि पहिल्या ख्रिस्ती लेखकांवर प्रबंध लिहिते, एवढ्यानं दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत माझा बराच बोलबाला झाला होता. लोक वाट वाकडी करून चौकशीला येत. "गुरुजींना चालतं का हे?" असं विचारत. गुरुजी म्हणजे माझे बाबा. त्यांना चालत होतं. मी बनारस सोडणं तेवढं चालत नव्हतं. नदीपलीकडे रामनगरला जाऊन यायचं म्हटलं तरी दोनदा त्यांचा फोन यायचा, कुठवर आलीस म्हणून.

प्रबंधाचा विषय तसा साधा. जुन्या हिब्रू स्तोत्रांत एका माणसाचा आक्रोश आहे. शत्रूंनी घेरलंय, देवानं पाठ फिरवलीय, अंगावरचे कपडेसुद्धा लोक आपसांत वाटून घेताहेत. पहिल्या ख्रिस्ती लेखकांनी तो वाचला आणि म्हटलं, हा तर आमचा येशू, क्रुसावरचा. गाणं त्याच्या जन्माच्या कितीतरी शतकं आधीचं. बहुतेक ज्यू वाचकांना हे पटलं नाही, आणि का पटावं? मी मात्र त्या लेखकांची बाजू हिरिरीनं मांडली होती. त्यांतले सुरुवातीचे स्वतः ज्यूच होते. आपला माणूस असा मारला गेला, त्या दुःखाला त्यांच्याजवळ शब्द नव्हते, म्हणून लहानपणापासून पाठ असलेल्या गाण्यांत त्यांनी ते शोधले. याला चोरी कसं म्हणायचं, असं मी लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक बाईंना हे प्रकरण फार आवडलं, आणि त्यांच्याच शिफारशीवरून मला पुण्याला शिकवण्याची नोकरी चालून आली. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

आई गेल्यापासून बाबांनी घरात एक नवाच विधी सुरू केला होता. संध्याकाळची पूजा आटोपली की मला समोर पाटावर बसवायचं, डोक्यावर अक्षता टाकायच्या आणि एक ऋचा म्हणायची. ऋचा लग्नातली, नव्या नवरीला दिलेल्या आशीर्वादाची. सासरी राणी होऊन राहा, सासू-सासऱ्यांत, दिरा-नणंदांत तुझा शब्द चालो. माझं लग्न झालेलं नाही. बाबांनी सासर म्हणजे हेच घर, असा अर्थ लावून टाकला होता. राज्य दोन खोल्यांचं, आणि प्रजा एकच, तीही ब्लडप्रेशरची गोळी विसरणारी. शेजारच्या काकू डोळे टिपत म्हणायच्या, "केवढं भाग्य गं तुझं." घर सोडून निघालेल्या मुलीचे शब्द, आणि त्यांनीच मला खुंट्याला बांधून ठेवलं होतं. त्या हिब्रू कवीला कुणी विचारलं असेल का, की तुझ्या रडण्याचं आम्ही असं केलं तर चालेल का, हे मला त्या पाटावर पहिल्यांदा सुचलं. प्रबंधात त्याच्या बाजूनं एक ओळ नव्हती.

रविवारी बाबांनी अक्षता हातात घेतल्या आणि मी उठून उभी राहिले.

"बाबा, ही ऋचा घरी बसणाऱ्या मुलीची नाही. निघालेल्या मुलीची आहे. मला पुण्याला जायचंय."

"अर्थ मला मालूम आहे," ते म्हणाले. "जनमभर लोकांच्या मुली मी हीच म्हणून पाठवल्या."

"मग मला का ही?"

ते हातातल्या तांदळांकडे बघत म्हणाले, "तुझी आई गेली, तेव्हा रात्र रात्र सगळी संहिता मनात फिरवली. मुलीला थांब म्हणणारी एखादी ऋचा कुठं आहे का, बघितलं. बिलकुल नाही मिळाली. मग हीच घेतली."

मी भांडायची जय्यत तयारी करून आले होते. ती माझ्याच प्रबंधापुढे फुकट गेली. ज्यांच्याजवळ शब्द नाहीत त्यांनी जुने घ्यावेत, हे मीच तर पानंच्या पानं लिहून सिद्ध केलं होतं.

मी पाटावर बसले आणि डोकं खाली केलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला नाही म्हणून कळवलं. राग अजून आहे. तो बाबांवर काढता येत नाही, कारण त्यांच्या बाजूनं बोलायला बसलं तर माझ्याइतकं चांगलं कुणी बोलणार नाही.