गप्प केलेल्या गाड्या

"आधी ऐकू द्या," असं म्हणून तो हाताचा पंजा वर करायचा, की आपलं तोंड बंद झालंच पाहिजे. मग डोळे मिटून, मान वाकडी करून तो गाडी ऐकत राही. राजघाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं त्याचं दुकान होतं. असे तुसडे कारागीर तुम्हीही पाहिले असतील. गिऱ्हाईक रोग सांगायला लागलं की हा म्हणायचा, "तुम्ही नका सांगू. गाडी झूठ नाही बोलत."

मी तेव्हा नेपानगरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. रोजच्या जाण्यायेण्याला एक जुनी गाडी घेतली होती. एके दिवशी तिनं माझा जीव नकोसा केला. बेल्ट लावलेला, तरी टुंग टुंग टुंग! पुढं केळी भरलेला ट्रॅक्टर आडवा, मागून हॉर्न, आणि ही बया ठणाणा करतेय. शाळेत पोचले आणि दहावीच्या अख्ख्या वर्गावर उगाच डाफरले.

संध्याकाळी त्याच्याकडे गेले. त्यानं पंजा वर करून ऐकलं. "मॅडम, बेल्ट लागला की नाही हे सांगणारं एक बारीक बटन बक्कलच्या आत असतं. ते तरी अडकलंय, नाहीतर तार गेलीये. सीट खोलावी लागेल. गाडी ठेवून जा."

"ठेवून जा? आणि उद्या मी काय उडत जाऊ?"

"मग दो मिनिटात चूप करून देऊ का?"

"करा बाबा, करा!"

सीटखाली हात घालून त्यानं दोन तारा सोलल्या, एकमेकींना पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. आता बेल्ट कायम लावलेलाच आहे, असं गाडीला वाटणार. फळ्यावर सर्किट काढून दाखवणारी मी, मला कळत नव्हतं असं थोडंच? वर त्याला शाबासकी दिली. आमच्या गावात अशा गप्प केलेल्या गाड्या ढिगानं होत्या. बाकीचे लोक बेल्ट आधी बक्कलमध्ये खोचून ठेवायचे आणि खुशाल त्याच्यावर पाठ टेकून बसायचे.

त्याचा धाकटा भाऊ भाड्याची गाडी चालवायचा. "दादा, तो आवाज बंद कर, पॅसेंजर कटकट करतात," असं म्हणाला म्हणून त्याच्याही तारा यानंच जोडल्या होत्या. इच्छापूरच्या रस्त्याला ती गाडी उभ्या ट्रॉलीवर आदळली. वेग फार नव्हता. शेजारी बसलेल्या व्यापाऱ्यानं बेल्ट लावला होता. तो कपडे झटकत खाली उतरला. भावाचं मानेखालचं सगळं अंग गेलं.

त्यानंतर एका रविवारी हा माझ्या दारात उभा. दाढी वाढलेली, डोळे लाल. "मॅडम, चावी द्या. तुमच्या गाडीला मी झूठ बोलायला लावलं."

त्यानं सीट उतरवली, पिळलेल्या तारा सोडवल्या आणि तार तपासायच्या मीटरच्या दोन सुया त्यांना लावल्या. बेल्टची पत्ती बक्कलमध्ये घातली की मीटर वाजायला हवा. वाजेना. त्यानं तार मुळापासून टोकापर्यंत हलवून पाहिली, तरी गप्प. मग पत्ती जोरात दाबली, तसा मीटर एकदा कण्हला. "तार चांगली आहे," तो पुटपुटला. "आजार आत आहे." बक्कल उघडलं, तर आत वाळलेला पाक, आणि त्यात चिकटून मेलेल्या सात-आठ मुंग्या!

"मॅडम, गाडीत मावा जलेबी कोण खातं?"

मी मान खाली घातली. नवऱ्याला शुगर, घरी नेण्याची सोय नाही; मी दुकानासमोर गाडीतच बसून उरकत असे. तो खो खो हसला. त्यानंतर त्याला हसताना मी पाहिलं नाही.

स्पिरिटनं बटन धुऊन त्यानं पत्ती दहादा घातली, दहादा काढली. मीटर दहाही वेळा वाजला. पैसे घ्यायला तयार होईना. पायरीवर बसून म्हणाला, "किती गाड्या जोडल्या ते याद नाही हो. भाऊ रोज विचारतो, दादा, आज किती सोडवल्या? चार सांगितल्या तर झोपतो. एकपण नाही म्हटलं तर छताकडे बघत राहतो. मग मी झूठच सांगतो."

"अहो, तुम्ही नसतं केलं तर दुसऱ्यानं केलं असतं."

"दुसऱ्यानं नाही ना केलं," तो म्हणाला.

मग तो गावभर हिंडू लागला. जैनाबादपर्यंत जाऊन लोकांची दारं वाजवायचा. लोक म्हणत, मस्त चाललंय, सीट कशाला खोलतो? कुणी टर उडवायचे, कुणी हाकलायचे. तो वाळत चालला. आणि थंडीत भाऊ गेला.

दिवस झाले की तो दुकान उघडेल म्हणून मी नंतर दोनदा जाऊन आले. शटर बंदच. घरदार उचलून तो कुठं गेला, शेजाऱ्यांनाही माहीत नव्हतं. आता तिथं मोबाईल दुरुस्त करतात. पण मला सांगायचंय ते सुतकातल्या एका सकाळचं, आणि सांगताना लाज वाटतेय.

त्या दिवशी मी हेडसरांच्या गाडीतून शाळेला निघाले होते. गावाबाहेरच्या नाक्यावर तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. डोक्याचं मुंडण, अंगावर पांढरं उपरणं. प्रत्येक गाडीच्या काचेशी वाकून हात जोडत होता. "साहेब, सुतक आहे, हत्याराला हात लावता येत नाही. तेरावं झालं की गाडी आणा, मी तार सोडवून देतो. तोपर्यंत बेल्ट लावा हो! तुमची तार मीच जोडलीये."

"डोकं फिरलंय बिचाऱ्याचं," हेडसर म्हणाले. "काच खाली करू नका." त्यांचा स्वतःचा बेल्ट खांद्यामागं लोंबत होता आणि गाडी चकार शब्द काढत नव्हती.

त्यानं मला पाहिलं. धावत माझ्या बाजूला आला, दोन्ही तळवे काचेवर टेकवले. "मॅडम! मॅडम, तुम्ही सांगा ना साहेबांना! तुम्हाला माहितीये!"

काचेतूनही स्पष्ट ऐकू येत होतं. मागच्या गाड्या हॉर्न देत होत्या. हेडसरांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"ओळखता का याला?"

"नाही," मी म्हणाले.