अकरा चाळीसची उडी

अन्याय झाला माझ्या ताईवर. गेल्या फेब्रुवारीत, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कल्याणच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत.

ताई तिथे पीएच.डी. करते. तिचं क्रिस्टल म्हणजे केसाएवढी काळी सुई. सेंद्रिय पदार्थाची, तरी वीज वाहून नेणारी, पण लांबीच्याच दिशेने. आत चपटे रेणू ताटांच्या चळतीसारखे रचलेले; वीज चळतीतून धावते, आडवी जवळजवळ जातच नाही.

त्या सुईला सोन्याच्या चार बारीक तारा चिकटवायला तिला आठवडा लागलेला. मग द्रव नायट्रोजनने ती थंड करायची, मिनिटाला एक अंश, आणि विजेला होणारा रोध कसा उतरतो ते बघायचं. घाई केली की सुई तडकते आणि रोध एकदम उडी मारतो.

त्या दिवशी तपासणी समिती आलेली. ताईच्या गाईड सरांनी तिला चहा सांगायला कॅन्टीनला पिटाळलं. का? शिपाई होता की! पण खोलीत बाई ती एकटीच.

कॅन्टीनमधून तिने मला फोन केला. मी आंबिवली स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होतो. “पीएच.डी.वाली चहा सांगतेय,” ती म्हणाली, “छाप तुझ्या पत्रकात.” आम्ही हसलो. फोनवर वेळ अजून आहे: अकरा अडतीस ते अकरा त्रेचाळीस.

ती परतली तेव्हा पाहुणे पांढरा धूर बघून खूश होते. तो दाखवायला सरांनी द्रव नायट्रोजनचं अख्खं भांडं सुईभोवती ओतलेलं. नोंदवहीत मात्र त्यांनी लिहिलं: सुई तडकली, विद्यार्थिनीचा निष्काळजीपणा. आणि तिला म्हणाले, माफीनामा दे, तोवर लॅबमध्ये पाऊल टाकायचं नाही.

संध्याकाळी मोहने गावातल्या आमच्या घरी मी पत्रक लिहायला घेतलं. ताईने पेन हिसकावून निम्मं खोडलं. “‘खुनी’ काय रे? क्रिस्टल गेलंय, माणूस नाही. आलेखात आहे तेवढंच लिही.”

आलेखात वेळ आहे. अकरा चाळीसला तापमान मिनिटभरात चाळीस अंश कोसळलं, रोधाने उडी मारली. सुई पुन्हा गरम केली तरी तो खाली आला नाही.

ताईने आलेख समोर ठेवला तेव्हा सर म्हणाले, “हात कोणाचा ते आलेख सांगत नाही.”

बरोबर. ते तुम्ही सांगा. त्या खोलीत उभे राहून धूर बघणारे तुम्ही, समितीचे सदस्य. माफीनाम्यावर तिने सही केलेली नाही, लॅबचं दार अजून बंद आहे. तिने सांगितलेला चहा प्यायलात ना? मग एक ओळ लिहा, खाली सही करा आणि प्राचार्यांना द्या: भांडं कोणाच्या हातात होतं?