घासलेल्या बोटांची चौकशी

पुंडलिकराव खानझोड्यांना कुणी तोंडावर 'नाही' म्हटलं तरी चालायचं, पण 'असंच असतं' म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. जबलपुरातल्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. एखादा भाग नापास झाला की 'काहून?' याचं उत्तर मिळेपर्यंत घरी जात नसत. निवृत्तीनंतर ही खोड जाईल असं घरच्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. आता शेजाऱ्यांचे मिक्सरसुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नाहीत.

नोव्हेंबरच्या अखेरीस ते घमापुरात विनताच्या ऑनलाइन कामांच्या दुकानात गेले. पेन्शनवाल्यांनी दरवर्षी अंगठा लावून आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायचा असतो. ते काम विनता करते. बाकावर त्यांचा कारखान्यातला जुना जोडीदार गुणवंत बसला होता. तो आता मझौलीला राहतो. बसने तिसऱ्यांदा आला होता, आणि अंगठ्याचा ठसा घेणारी मशीन तिसऱ्यांदाही त्याला ओळखत नव्हती.

"काकाजी, तुमची बोटंच घासली आहेत," विनता म्हणाली. "कारखान्यातल्या सगळ्यांचं असंच होऊन राहिलं."

गुणवंतने मान डोलावली. आठवडाभर तो अंगठ्याला साजूक तूप चोळत होता. कारखान्यातल्या माणसांना हे कारण चटकन पटतं, थोडं मिरवावंसंही वाटतं. लोखंडानं बोटं खाल्ली, हे सांगण्यात एक ऐट असते. पण आज गुणवंतचा चेहरा पार उतरला होता. दोन दिवसांत दाखला गेला नाही तर त्याची पेन्शन थांबणार होती.

"असंच असतं, चलो," म्हणत तो उठला.

"बस खाली!" पुंडलिकराव कडाडले. "मागच्या साली लागला होता ना अंगठा?"

"पहिल्याच फटक्यात."

"मग सालभर घरी बसून काहून घासला?"

पुंडलिकराव गुडघ्याला हात देत टेबलाखाली वाकले. कॉम्प्युटरच्या एका यूएसबीला एक हब, म्हणजे एका खाचेच्या पाच खाचा करणारी डबी, लावला होता, आणि त्यात थंब मशीन, कॅमेरा, प्रिंटर, हार्ड डिस्क, वर विनताचा मोबाइलही चार्जिंगला.

"हा हब कधी आणला, बेटा?"

"दिवाळीनंतर. सारखी काढघाल नको म्हणून."

"आणि लोकांची बोटं कधीपासून घासून राहिली?"

विनताने बोटांवर दिवस मोजले. मग हळूच म्हणाली, "दिवाळीनंतरच."

पुंडलिकरावांना अगदी पोरासारखा आनंद झाला. त्यांनी हबमधून सगळं उपटलं आणि एकेक करून परत लावायला सुरुवात केली. दर वेळी स्वतःचा अंगठा ठेवायचा आणि पडद्याकडे बघायचं. नुसती थंब मशीन लावली, ठसा जुळला. कॅमेरा लावला, जुळला. प्रिंटर लावला, तरी जुळला. हार्ड डिस्क लावली. ती गरगरायला लागली आणि थंब मशीनचा लाल दिवा मंदावला. पडद्यावर आलं, ठसा अस्पष्ट. डिस्क काढली, पुन्हा जुळला. एका यूएसबीची वीज सगळ्यांना पुरत नव्हती; एका वाटीचं वरण पाच पानांवर वाढलं होतं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती.

त्यांनी थंब मशीन थेट कॉम्प्युटरला जोडली. "ये रे, गुणवंत."

गुणवंतने अंगठा ठेवला. पडद्यावर त्याचं नाव आलं, फोटो आला. तो वाकून बराच वेळ बघत राहिला.

"आहे ना मी?" त्याने विचारलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"आहात, काकाजी."

पुंडलिकराव विनताला हबबद्दल आणखी काही समजावणार होते, पण तिचं लक्ष नव्हतं. तिने खणातून वही काढली. दिवाळीनंतर परत पाठवलेल्या बावीस म्हाताऱ्यांची नावं आणि फोन नंबर त्यात होते, आणि प्रत्येकापुढे तिच्याच अक्षरात 'बोटं घासलेली' असं लिहिलेलं होतं. तिने पहिला नंबर फिरवला.

"काकाजी, घमापूरहून विनता बोलून राहिली. तुमची बोटं चांगली होती. चूक माझी होती. उद्या या, मी वाट पाहते."