बावन्न परार्ध हवा

दर शनिवारी आमच्या बॉनच्या घरी आमटी-भात खायला येणारे श्यामकांतभावजी संस्कृतात डॉक्टरेट करत होते. वजन जेमतेम पन्नास किलो. ऱ्हाइनच्या पुलावर वारा सुटला की लोक आपापल्या हॅटा धरत, मला भावजींची काळजी वाटे.

१९६१च्या वसंतात त्यांना सेमिनारात निबंध वाचायचा होता. जमला तर शिष्यवृत्ती वर्षभर वाढणार, नाही तर जूनमध्ये परतीची बोट. विषय होता परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. ‘एवढ्या संख्येनं मोजायचं काय?’ असं प्राध्यापक हटकून विचारणार, म्हणून भावजींनी उत्तर शोधलं होतं: पृथ्वीवरची सगळी हवा.

घरमालकिणीकडून शाळेचं भौतिकशास्त्राचं पुस्तक आणून ते आमच्या टेबलाशी बसले. पृथ्वीचा पृष्ठभाग निघाला एक्कावन्न परार्ध चौरस सेंटिमीटर. भावजी खूश! मग त्याला हवेच्या दाबानं गुणलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“वहिनी, बावन्न हजार परार्ध किलो! परार्धसुद्धा अपुरा पडला हो. बुडालो मी.”

“एका चौरस सेंटिमीटरवर किती धरलंत?”

“एक हजार तेहेतीस किलो. छापलंय इथे.”

मी तेव्हा सहा आठवड्यांच्या उल्काच्या टाळूवर तेल घालत होते. बी.एस्सी. झालेली असूनही, एवढा भार डोक्यावर म्हटल्यावर आधी मी तिची टाळू चाचपली, मग पुस्तक पाहिलं. छापलं होतं १,०३३. मी उल्काचं वजनाचं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. दर आठवड्याला पुन्हा पुन्हा वाचून ते मला पाठ झालं होतं.

“वाचा.”

“४,१५०. चार हजार एकशे पन्नास... किलो?”

“हो ना. पाळण्याची दोरी उगाच का जाड घेतली!”

भावजी एकदा कार्डाकडे, एकदा उल्काकडे बघत राहिले. “म्हणजे हा स्वल्पविराम...”

“जर्मनांचा दशांश. तीन वर्षांत एकदा तरी स्वतः बटाटे आणले असतेत, तर दुकानातल्या पाटीवर दिसला असता.”

हजारानं भागल्यावर पृथ्वीवरची हवा बावन्न-त्रेपन्न परार्ध किलोवर आली. सेमिनारात प्राध्यापकांनी नेमकं ‘मोजायचं काय?’ हेच विचारलं. भावजी उल्काचं कार्ड धीरासाठी सोबत घेऊन गेले होते, आणि ते हरवेल म्हणून मी दिवसभर दारापाशी घुटमळत होते. संध्याकाळी कार्ड परत आलं, स्वल्पविरामाभोवती लाल गोल काढून.

पुढच्या तपासणीला नर्सबाईंनी विचारलं, “हे काय?”

“एका वर्षाची शिष्यवृत्ती,” मी म्हटलं.