बोडीवरची साक्ष

सदाशिव गेल्याचं त्याच्या सुनेनं अंगणात येऊन सांगितलं, तेव्हा मी जाळं विणत होतो. हात थांबला नाही, खोटं कशाला सांगू. त्याला आता महिना झाला. चौथीपर्यंत शिकलो, तेवढ्यात जमते तसं लिहितो.

आम्ही दोघं ढिवर, मासोळी धरणारे, एका डोंग्यातले जोडीदार. पहिल्या निवडणुकीच्या मागची-पुढची वर्षं असतील. बोडीच्या, म्हणजे गावच्या तळ्याच्या, एका कोपऱ्यात पाणगवतावर टाचण्या बसत, चतुरासारखे बारीक किडे... अंग निळं, काडीएवढं, नराचं तोंड केशरी. एका दुपारी डोंग्यात पालथे पडून पाहिलं, तर नर मादीची मान धरून, दोघंही गवताच्या दांड्यावरून पाण्याखाली उतरले. सदाशिव म्हणाला, "मेले रे हे." आमची विडी संपली, तरी ते खालीच. मग वर आले, पंख झटकले, उडाले. दांडा चिरला तर आत अंडी.

त्याच उन्हाळ्यात मुखियानं बोडीतलं सगळं गवत उपटायचं काढलं. मी बैठकीत म्हटलं, तो कोपरा ठेवा. टाचणी पाण्यात उतरून तिथं अंडी घालते, तिची पिल्लं मासोळीचं खाणं आहे. सगळे हसले. एक म्हणाला, "उद्या म्हनशीन बगळा पान्यात घर बांधते." आमच्यात बोडीवरची गोष्ट एकाच्या तोंडची धरत नाहीत, ढिवराची मासोळी सांगता सांगता वाढते म्हणून. जोडीदारानं हो म्हणावं लागते. सदाशिवला विचारलं. मुखिया त्याचा होणारा सासरा. तो पायाच्या अंगठ्याकडे पाहत बोलला, "मले नाई माहीत. मी झोपलो असन."

गवत उपटलं. मला गावानं 'बुडी टाचणी' नाव ठेवलं. मी डोंगा वेगळा केला, बोलणं सोडलं. त्यानंही कधी विषय काढला नाही. मेला तरी नाही.

तेरवीला गेलो. सून सासऱ्याबद्दल म्हणाली, "मामाजी त्या कोपऱ्यातल्या गवताले कोनाले हात लावू देत नोहते जी. काऊन, ते नाई सांगतलं कधी."

म्हणजे पुन्हा उगवलेलं गवत त्यानं जन्मभर राखलं. मला पाहिजे होता तो शब्द नाही राखला. गवत काय बैठकीत बोलते?

तिला घेऊन कोपऱ्यावर गेलो. विडी पेटवली. एक जोडी दांड्यावरून खाली गेली. विडी संपली. जोडी वर आली... नरानं मान सोडली नव्हती.

"पाह्यलं का बाई?"

"पाह्यलं जी."

"चार लोकांत सांगशीन?"

"सांगीन ना. पन आता इचारते कोन जी?"