वेरूळच्या पिठल्यातलं हिंग

दीड वर्ष मी नाशिकबाहेर जेवले नव्हते. डॉक्टरांनी सीलिअॅक, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन आतड्यांना न सोसण्याचा आजार, सांगितलं तेव्हापासून गहू, मैदा, रवा बंद. त्याआधीची कितीतरी वर्षं मी लोहाच्या गोळ्या खात होते, दुपारी तीन वाजता ऑफिसच्या टेबलावर डोकं टेकत होते आणि "टेन्शन घेतेस" हे ऐकत होते. पथ्य सुरू झाल्यावर चार महिन्यांत जिने चढायला लागले. पण प्रवासाची भीती बसली ती बसलीच.

वैशाली, माझी थोरली बहीण, एका गुरुवारी म्हणाली, "शनिवारी निघू. वेरूळ, दौलताबाद. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. थोडंसं काही पोटात गेलं तरी काय आभाळ कोसळणार आहे का?" तिला हे सगळं अजून मनाचेच खेळ वाटत होते. मी तांदळाच्या भाकऱ्या, चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू भरले आणि गाडीत बसले.

येवला, वैजापूर करत साधारण पाच तास लागतात. मध्ये चहाला थांबा, पण भज्यांच्या कढईपासून माझ्यासारख्यांनी लांबच राहा, तिथंच ब्रेडही तळतात. दौलताबादला पायथ्याशी सीताफळांच्या पाट्या लागल्या होत्या. जे सोलून खायचं त्याची मला भीती नसते. मी एकटीने चार संपवली आणि किल्ल्यातल्या अंधाऱ्या भुयारी वाटेपर्यंत न थांबता चढले. वैशालीच मागे धापा टाकत होती.

डबा वाटेतच संपला होता, वेरूळला पोचेपर्यंत भूक खवळली. रस्त्यालगत पत्र्याची खानावळ, ताट शंभराच्या आसपास. मालकीण सुमनबाई, पन्नाशीच्या. मी विचारलं, "भाकरी नुसत्या ज्वारीची ना? तव्यावर चपात्या होतात का?"

"नाय ओ ताई, चपात्या इथं करतच नाय. ज्वारीच हाय, दुसरं कायबी नाय."

गरम भाकरी, पिठलं, ठेचा. दीड वर्षांनी दुसऱ्याच्या हातचं जेवले. डोळे भरून आले, ठेच्यावर ढकलून दिलं.

तासाभराने कैलास लेण्याच्या अंगणात पोटात कळ आली. आधी वाटलं, ऊन असेल. मग पोट फुगलं, हात गार पडले. त्या प्रचंड दगडी हत्तीजवळ मी खालीच बसले. वैशाली म्हणाली, "चढउतार जास्त झाली." पण स्वच्छतागृहाच्या चौथ्या फेरीनंतर ती पाण्याची बाटली धरून बाहेर उभी राहिली. लेणी अर्धी टाकून आम्ही जवळच्या शहरातल्या हॉटेलवर आलो. तिला नान-खलिया, म्हणजे तिथला प्रसिद्ध नान आणि मटणाचा रस्सा, खायचा होता, तीन महिन्यांपासून बोलत होती. गेलीच नाही. माझ्याबरोबर मऊ भात खाल्ला आणि म्हणाली, "दर वेळी असंच होतं?"

"आधी रोज व्हायचं," मी म्हटलं.

सकाळी मला फक्त घरी जायचं होतं. वैशालीने गाडी उलट वेरूळकडे वळवली. "काय होतं ते कळायला नको?"

सुमनबाई ऐकून घाबरल्याच. "पिठलं निव्वळ बेसनाचं व्हतं, ताई!" त्यांनी मसाल्याचे डबे पुढ्यात मांडले. वैशाली चष्मा लावून एकेक वाचत गेली. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: गव्हाचं पीठ. प्रश्न भाकरीचा विचारला होता, पिठल्याचा विचारायचा राहिला होता. बहुतेक हिंगांत ते असतं, मलाही माहीत होतं. भुकेपुढे विसरले.

"लई वाईट झालं," सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी पातेलं पुन्हा घासलं आणि नुसत्या लसणाच्या फोडणीचं वरण टाकलं. भाकऱ्या थापणारी त्यांची सून रेखा इतका वेळ ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "ताई, तुमचं रक्त कमी व्हायचं का? सारखी झोप यायची का?"

"हो. का?"

"मला बी तसंच व्हतंय. दोन वर्सं झाली."

सुमनबाईंचा हात थांबला. "आम्ही म्हणायचो, हिला कामाचा कंटाळा हाय."

मी रेखाला सांगितलं, माझंच तुलाही असेल असं नाही. डॉक्टरांना सगळं सांग, रक्त तपासून घे. आणि तपासणीआधी माझ्या सांगण्यावरून गहू सोडू नकोस, नाहीतर तपासणीत कळत नाही. वैशालीने ते कागदावर लिहून दिलं, खाली माझा नंबरही. पुढे उरलेली लेणी पाहिली, हळूहळू, आणि त्या वरणाने मला काहीही झालं नाही.

घरी आल्यावर दोन दिवस अंग जड होतं, एवढंच. प्रवासाला निघणाऱ्यांना एकच सांगेन: भाकरी विचारता तशी फोडणीही विचारा, लाजू नका.

महिन्याभराने सुमनबाईंचा फोन आला. शहरातल्या सरकारी दवाखान्यात रेखाची तपासणी झाली होती. गव्हाचं काहीच निघालं नाही. थायरॉईड निघालं. सकाळी उपाशीपोटी एक गोळी सुरू झाली होती.

"फरक पडतोय का?" मी विचारलं.

"व्हय, हळूहळू. पण ताई, ती परवा म्हणली, मला कुणी खरं मानलं हेच लई झालं." मग म्हणाल्या, "सकाळची चूल आता मीच पेटवते. झोपू दे जरा तिला."