पोत्यातली ऊब आणि ताऱ्यांचा ढग

साकोलीकडच्या ज्या शाळेत मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, तिच्या स्मरणिकेत माझ्यावर एक गोड लेख छापून आला आहे, आणि तो खोटा आहे. लेखक माझाच विद्यार्थी, आज तिथलाच मुख्याध्यापक. तो लिहितो की, भिजवलेले धानाचे बी पोत्यात बांधून तणसाखाली, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्याखाली, झाकले म्हणजे तापते आणि अंकुरते; तसाच वायूचा ढग तापतो आणि त्यातून ताऱ्यांचा पुंजका उगवतो, असे सरांनी शिकवले.

हे मी बोललो होतो, नाकारत नाही. त्याच सकाळी घरच्या पोत्यात हात घालून बी पाहिले होते. तो दाखला ओठांवर आला. परंतु दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर मी लिहिले, ‘काल मी चुकीचे शिकवले.’ तापलेला वायू पसरतो. जो ढग कमालीचा थंड आणि दाट, तोच स्वतःच्या भाराने आत ढासळतो. ढासळताना त्यात गाठी पडतात, प्रत्येक गाठ आवळत जाते आणि मग तापते. एका ढगात अशा कितीतरी गाठी, म्हणून तारे पुंजक्याने जन्मतात. ऊब मागाहून येते.

मी शाळेत जाऊन जाब विचारला. मुख्याध्यापक म्हणाला, असा दुसरा दिवस त्याला आठवतच नाही. वर आदराचा आव आणून त्याने विचारले, “सर, तुम्ही चुकले होते असं छापू का? लोक काय म्हणतील?”

माझी चूक गावभर वाटून हा माझा मान राखणार होता! ज्या तासाचा मला सर्वाधिक अभिमान, तोच त्याने गाळला होता.

त्याच वर्गातली एक विद्यार्थिनी, आता शेती करणारी, स्मरणिका न्यायला आली होती. दारातूनच ती त्याला म्हणाली, “तुले कुठून आठवन? तू आलाच नोहता त्या दिवशी. तुमच्या घरी पऱ्हे टाकून राहिले होते. अर्धा वर्ग बांधीतच होता.”

खरेच होते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, टाकायच्या दिवसांत निम्मी मुले बांधीत, धानाच्या शेतात, आणि निम्मे बाक रिकामेच असत. त्या निम्म्यांनी माझी चूक नेली. दुरुस्ती बाकांवरच राहिली.

न वाटलेल्या प्रतींचा गठ्ठा टेबलावर होता. मी खुर्ची ओढली आणि पहिल्या प्रतीत त्या ओळीखाली लिहिले, ‘हे चूक आहे. दुसऱ्याच दिवशी मी ते सुधारले होते.’

“राहू द्या न सर,” मुख्याध्यापक पुटपुटला, “किती प्रती लिहाल?”

“निम्म्या,” मी म्हणालो, आणि दुसरे पेन त्याच्यापुढे ठेवले.